दुसऱ्याचे घर, आपले ऊन : इटलीतील गृहपुनर्बांधणीच्या आत्मपर लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

परदेशातून येऊन इटलीच्या ग्रामीण भागात एखादे पडके घर विकत घ्यावे, त्याची डागडुजी करावी, तेथे राहावयास जावे आणि या साऱ्या खटाटोपाची हकीकत पुस्तकरूपाने सांगावी, असा एक लेखनप्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत स्थिरावला. प्रवासवर्णन, आत्मचरित्र आणि पाककृतींचे पुस्तक या तिन्हींच्या सीमारेषेवर तो उभा आहे. फ्रान्सेस मेज या अमेरिकन कवयित्रीचे 'अंडर द टस्कन सन' (१९९६) हे या प्रकारातील सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक होय. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ते दोन वर्षांहून अधिक काळ होते आणि २००३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

अशा पुस्तकांकडे समीक्षेने बव्हंशी दुर्लक्ष केले आहे. लोकप्रिय, सुखद आणि म्हणून गंभीर विचारास अपात्र, असा शेरा मारून ती बाजूला सारली जातात. ही उपेक्षा योग्य नाही. घर ही केवळ वास्तू नसते. तो मालकी, श्रम आणि स्मृती यांचा एकत्रित दस्तऐवज असतो. एका समाजाने सोडून दिलेले घर दुसऱ्या समाजातील व्यक्ती जेव्हा 'आपले' म्हणू लागते, तेव्हा आधीच्या रहिवाशांचे काय झाले हा प्रश्न अटळपणे उभा राहतो. हा प्रश्न संहिता विचारते की टाळते, यावर तिचे वाङ्मयीन मूल्यही काही अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मेज यांच्या पुस्तकाला केंद्रस्थानी ठेवून आणि आयरिस ओरिगो, एरिक न्यूबी, टिम पार्क्स व अ‍ॅनी हॉज यांच्या लेखनाशी त्याची तुलना करून या प्रश्नाचा विचार केला आहे.

परंपरेची पार्श्वभूमी

उत्तरेकडील युरोपीय मनाला इटलीचे आकर्षण जुने आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील उच्चकुलीन तरुण शिक्षणाची पूर्तता म्हणून इटलीची वारी करीत. गटे १७८६ मध्ये इटलीत गेला आणि त्या प्रवासाने आपला जणू पुनर्जन्म झाला अशी त्याची भावना होती. इ. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९०८) या कादंबरीत फ्लॉरेन्स हे शहर इंग्रज नायिकेच्या दडपलेल्या भावनांना वाट करून देते. या सर्व लेखनात इटली हे ऊन, कला आणि मुक्तता यांचे प्रतीक आहे. इटालियन माणूस मात्र बहुधा पार्श्वभूमीलाच राहतो.

मेज यांचे पुस्तक या परंपरेचे वारसदार असले तरी एका बाबतीत ते वेगळे आहे. प्रवासी पाहतो आणि परत जातो. मराठी वाचकाला परिचित असलेले पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' किंवा मीना प्रभु यांचे इटलीविषयीचे 'रोमराज्य' ही या अर्थाने प्रवाशाची पुस्तके आहेत. पाहणाऱ्याचे कुतूहल हीच त्यांची प्रेरणा आहे. घर घेणारा लेखक केवळ पाहत नाही, तो मालक होतो. त्याला विसार द्यावा लागतो, साठेखत करावे लागते, नोटरीसमोर खरेदीखत नोंदवावे लागते, नगरपालिकेची बांधकाम-परवानगी मिळवावी लागते, गवंडी आणि नळकाम करणारे शोधावे लागतात. पाहण्याच्या जागी व्यवहार आल्यामुळे लेखनाची नैतिक जबाबदारीही बदलते. पीटर मेल यांच्या 'अ इयर इन प्रोव्हान्स' (१९८९) या फ्रान्समधील अनुभवावरील पुस्तकाने या प्रकाराचा साचा लोकप्रिय केला : ऋतुचक्राची चौकट, कामगारांचे विनोदी विलंब, शेजाऱ्यांचे नमुने आणि भोजनाचा सोहळा. इटलीविषयीच्या पुस्तकांनी हा साचा कमीअधिक फरकाने स्वीकारला.

'अंडर द टस्कन सन'ची कथनरचना

सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवणाऱ्या मेज यांनी दीर्घ वैवाहिक आयुष्य संपुष्टात आल्यानंतर १९९० मध्ये कोर्तोना या तस्कनीतील डोंगरी गावाजवळ 'ब्रामासोले' नावाचे घर विकत घेतले. 'ब्रामारे' म्हणजे आस धरणे आणि 'सोले' म्हणजे सूर्य. सूर्याची आस धरणारे घर, असा या नावाचा अर्थ. घर तीस वर्षे ओस होते. सभोवती सुमारे पाच एकरांची, टप्प्याटप्प्यांनी उतरत जाणारी, ऑलिव्ह आणि फळझाडांची माजलेली जमीन होती. त्यापूर्वी अनेक उन्हाळे त्यांनी तस्कनीत भाड्याच्या घरांत काढले होते. पुस्तकात घर घेण्याच्या निर्णयापासून त्याच्या दुरुस्तीपर्यंतचा आणि पहिल्या काही उन्हाळ्या-हिवाळ्यांचा प्रवास येतो.

या कथनाचे सामर्थ्य त्याच्या इंद्रियसंवेद्यतेत आहे. लेखिका मूळची कवयित्री असल्याने वस्तूंना नाव देण्याची तिची ओढ प्रत्येक पानावर जाणवते. दगडाचा स्पर्श, चुन्याचा वास, नव्या ऑलिव्ह तेलाचा हिरवा तिखटपणा यांची वर्णने अस्सल आहेत. वर्तमानकाळाचा सातत्याने केलेला वापर वाचकाला घरात आणून उभे करतो. उन्हाळी आणि हिवाळी स्वयंपाकघराच्या टिपणांची स्वतंत्र प्रकरणे कथनाला विश्रांतिस्थाने पुरवतात. भोजनगृहाच्या भिंतीवरील पांढरी सफेदी पुसताना खालून जुने भित्तिचित्र प्रकट होते, तो प्रसंग तर संपूर्ण पुस्तकाचे रूपक ठरावा असा आहे. वरचा थर काढला की खाली सौंदर्य सापडते, अशी लेखिकेची श्रद्धा आहे. मोडलेल्या विवाहानंतर स्वतःचे आयुष्य पुन्हा उभारणारी स्त्री आणि मोडकळीस आलेले घर यांच्यातील साधर्म्य ती फारसे उच्चारत नाही, ते वाचकावर सोपवते. हा संयम दाद देण्याजोगा आहे.

स्त्रीच्या दृष्टीने या कथेला आणखी एक महत्त्व आहे. पन्नाशीला पोचलेली स्त्री स्वतःच्या निर्णयाने, परक्या देशात, परक्या भाषेत मालमत्ता खरेदी करते आणि आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध स्वतः आखते, हे चित्र सहज उपलब्ध असणारे नाही. पुस्तकाच्या लोकप्रियतेचे एक कारण या मुक्ततेच्या स्वप्नात आहे. त्यामुळे या पुस्तकाला केवळ सुखवस्तू पर्यटकाचे दिवास्वप्न म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल.

घर ओस का पडले?

असे असले तरी पुस्तकात एक प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही. तस्कनीच्या डोंगरांवर इतकी घरे ओस का होती? भिंतीवरील सफेदीखाली चित्र सापडते. परंतु जमिनीवरील गवताखाली कोणता इतिहास आहे?

मध्य इटलीच्या ग्रामीण रचनेचा पाया 'मेझ्झाद्रिया' ही जमीन कसण्याची पद्धत होती. मराठीत जिला 'अर्धेली' म्हणतात, तिच्याशी तिचे जवळचे साम्य आहे. मालकाने जमीन आणि घर द्यायचे, कुळाच्या कुटुंबाने श्रम द्यायचे आणि उत्पन्न अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत तस्कनी, उंब्रिया आणि मार्के या प्रदेशांत टिकली. आज पर्यटनाच्या जाहिरातींतून दिसणारे एकाकी दगडी शेतघर, म्हणजे 'काझा कोलोनिका', ही याच पद्धतीची निर्मिती होय. तळमजल्यावर बैलांचा गोठा, बाहेरून वर जाणारा दगडी जिना, वरच्या मजल्यावर मोठी चूल असलेले स्वयंपाकघर आणि त्याभोवती निजण्याच्या खोल्या, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असे. कुटुंबप्रमुखाला 'कापोच्चा' आणि घर चालवणाऱ्या स्त्रीला 'मास्साइया' म्हणत. जमिनीचा आकार आणि राबणाऱ्या हातांची संख्या यांचे प्रमाण जुळावे लागे. म्हणून कुटुंबातील विवाहालाही मालकाची संमती आवश्यक ठरवणारी कलमे करारांत असत. करार मोडला की घरही सुटे. घर हे कुळाचे नव्हतेच. ते श्रमाच्या बदल्यात मिळालेले छप्पर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची आंदोलने झाली. १९४७ च्या समझोत्याने कुळाचा वाटा ५३ टक्क्यांवर गेला. १९६४ च्या कायद्याने नवे मेझ्झाद्रिया करार करण्यास बंदी आणली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडाच्या करारांत रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. पण कायदा पुरा होण्यापूर्वीच माणसे निघून गेली होती. १९५० नंतरच्या दोन दशकांत, ज्या काळाला इटलीचा आर्थिक चमत्कार म्हटले जाते, त्या काळात डोंगरावरील कुटुंबे प्रातो, फ्लॉरेन्स आणि उत्तरेकडील कारखान्यांच्या गावांकडे उतरली. मागे उरली ती रिकामी घरे आणि माजलेले टप्पे. महाराष्ट्रातील वाचकाला येथे १९४८ चा कूळकायदा आठवेल. परंतु एक महत्त्वाचा फरक ध्यानात ठेवावा लागतो. कूळकायद्याचा हेतू कसणाऱ्याला जमिनीवर ठेवण्याचा होता. तस्कनीत मात्र कसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी जमीनच सोडली. शतकानुशतकांच्या परावलंबित्वानंतर शेत सोडणे हीच त्यांच्या लेखी मुक्ती होती.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की या लेखनप्रकारातील एक विसंगती स्पष्ट होते. ज्या घरातून बाहेर पडणे हे एका पिढीचे स्वातंत्र्य होते, त्याच घरात प्रवेश करणे हे दुसऱ्या देशातून आलेल्या व्यक्तीचे स्वातंत्र्य ठरते. चूल, गोठा, विहीर, टप्पे या त्याच वस्तू. पण एकासाठी त्या कष्टाच्या खुणा आहेत, तर दुसऱ्यासाठी साधेपणाच्या. ब्रामासोले हे काही कुळाचे शेतघर नव्हे, तो एक ग्रामीण व्हिला आहे, हे मान्य करावे लागते. परंतु त्याच्या टप्प्यांवरील ऑलिव्हची झाडे कोणीतरी छाटत होते, बांध कोणीतरी रचत होते. मेज यांच्या कथनात एट्रुस्कन भिंत आहे, रोमन रस्ता आहे, जवळच्या त्रासिमेनो सरोवराकाठी इ. स. पूर्व २१७ मध्ये हॅनिबलने रोमनांचा केलेला पराभव आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा भूतकाळ इतका ठळक असताना, केवळ तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा भूतकाळ पुसट राहतो. प्राचीनतेचे आकर्षण हे नजीकच्या इतिहासाकडे पाठ फिरवण्याचे साधन ठरते.

या संदर्भात सिएना येथील सार्वजनिक प्रासादातील अंब्रोज्यो लोरेंझेत्ती याच्या १३३८-३९ मधील भित्तिचित्राचे स्मरण होते. सुशासनाचे ग्रामीण भागावरील परिणाम दाखवणाऱ्या त्या चित्रात तस्कनीचे डोंगर आहेत, तसेच पेरणारे, कापणारे, झोडपणारे आणि ओझी वाहून नेणारे लोकही आहेत. तस्कन भूदृश्याची ही आद्य प्रतिमा श्रमिकांना वगळून पूर्ण होत नाही. एमिलिओ सेरेनी यांनी इटलीच्या कृषिभूदृश्याच्या इतिहासावरील आपल्या १९६१ मधील ग्रंथात भूदृश्य हे माणसांच्या उत्पादक श्रमातून घडते, हेच प्रतिपादन केले. युनेस्कोने २००४ मध्ये वाल दॉर्चाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही माणसाने घडवलेले कृषिभूदृश्य म्हणूनच. सूर्यप्रकाश निसर्गाचा असला तरी त्या प्रकाशात दिसणारे टप्पे माणसांच्या हातचे आहेत.

भिंत बांधणारे हात

पुस्तकाच्या वर्तमानातही श्रमाचा प्रश्न उपस्थित होतो. कोसळलेल्या दगडी भिंतीचे काम पोलंडहून आलेले मजूर करतात. हे पुस्तकातील अत्यंत महत्त्वाचे प्रकरण आहे, कारण येथे दोन परके एकाच अंगणात समोरासमोर येतात. १९८९ मध्ये पोलंडमधील साम्यवादी राजवट संपली आणि तेथील तरुण कामाच्या शोधात पश्चिमेकडे येऊ लागले. मेज यांची घरखरेदी त्याच सुमारास झाली. त्या काळी पोलंड युरोपीय संघाचा सदस्य नव्हता; ते सदस्यत्व २००४ मध्ये मिळाले.

लेखिका या मजुरांविषयी आपुलकीने लिहिते. त्यांचा कामसूपणा, त्यांचा दगड निवडण्याचा डोळा, दुपारच्या उन्हातील त्यांची चिकाटी यांची ती कदर करते. तरीही त्यांची कथा त्या भिंतीपाशी थांबते. अमेरिकन प्राध्यापिका आणि पोलिश मजूर दोघेही परदेशातून आले आहेत, दोघांचीही इटालियन भाषा तुटपुंजी आहे, दोघेही कागदपत्रांच्या जंजाळात आहेत. परंतु एकाच्या येण्याला 'नवे जीवन' म्हटले जाते आणि दुसऱ्याच्या येण्याला 'रोजंदारी'. परदेशस्थ आणि स्थलांतरित हे दोन शब्द वस्तुतः एकाच क्रियेची दोन वर्गांनुसार पडलेली नावे आहेत. हे समांतर चित्र संहितेतच उपस्थित असूनही संहिता त्याचा अर्थ लावत नाही. पुस्तकाची ही सर्वांत मोठी हुकलेली संधी म्हणावी लागेल.

भारतीय वाचकाला या मुद्द्याची जवळीक अधिक वाटावी. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांमध्ये गेली काही दशके पंजाबमधून गेलेले कामगार मोठ्या संख्येने काम करीत आहेत. ज्या चीजने इटालियन भोजनाची कीर्ती जगभर पोचवली, त्याच्या दुधामागे त्यांचेही हात आहेत. परदेशातून इटलीच्या ग्रामीण भागात येऊन घर करणारे तेही आहेत. मात्र 'इटलीतील घर' या लेखनप्रकारात त्यांच्या घराला अद्याप जागा नाही. सुक्या दगडांची, चुन्या-सिमेंटविना भिंत रचण्याच्या कौशल्याला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या यादीतील नामांकनात इटलीही सहभागी होती. कौशल्याला वारसा म्हणून मान्यता मिळते, कौशल्य वापरणारे हात मात्र अनाम राहतात.

चित्रपटाचे रूपांतर

ऑड्री वेल्स दिग्दर्शित चित्रपटाने (२००३) मूळ पुस्तकाचे बरेच सुलभीकरण केले. पुस्तकात लेखिकेसोबत तिचा जोडीदार आहे आणि घराचा शोध दीर्घ विचाराने घेतलेला आहे. चित्रपटात डायन लेनने साकारलेली नायिका एकटी आहे, मैत्रिणीने दिलेल्या तिकिटावर ती पर्यटनाला येते आणि एका आवेगात घर विकत घेते. घरबांधणीचे रूपांतर प्रेमकथेत होते. पुस्तकातील वस्तुनिष्ठ तपशील, म्हणजे पाणी, नळ, तुळया, गिलावा, हे चित्रपटात सजावटीपुरते उरतात.

तथापि एका ठिकाणी चित्रपट पुस्तकाच्या पुढे जातो. पोलिश मजुरांपैकी एक तरुण आणि गावातील इटालियन मुलगी यांचे प्रेम जुळते. मुलीच्या घरच्यांचा आक्षेप असा की, या मुलाला कुटुंब नाही. त्या वेळी नायिका पुढे होऊन आपणच त्याचे कुटुंब आहोत असे सांगते. दोन परक्यांमधील नाते येथे प्रथमच उच्चारले जाते. प्रश्नाची सोडवणूक भावुक आहे आणि मालक-मजूर संबंधाचे वास्तव त्यात विरघळून जाते, हे खरे. परंतु पुस्तकाने जो मजूर भिंतीपाशी सोडला, त्याला चित्रपट घरात घेऊन आला, ही बाब नोंदवणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

पर्यायी संहिता

मेज यांच्या पुस्तकातील उणीव ही या लेखनप्रकाराचीच अपरिहार्य मर्यादा आहे काय? अन्य लेखकांच्या संहिता पाहता तसे म्हणता येत नाही.

आयरिस ओरिगो (१९०२-१९८८) यांचे उदाहरण सर्वांत जुने आणि सर्वांत गुंतागुंतीचे आहे. इंग्रज-अमेरिकन कुळातील ओरिगो यांनी १९२४ मध्ये आंतोनिओ ओरिगो यांच्याशी विवाह केला आणि वाल दॉर्चामधील 'ला फोचे' ही ओसाड इस्टेट या दांपत्याने उभी केली. वाड्याभोवतीचा उद्यान-आराखडा इंग्रज वास्तुकार सेसिल पिन्सेंट यांनी केला. पण त्यांचे पुनर्बांधणीचे काम एका घरापुरते नव्हते. धूप थांबवणे, रस्ते बांधणे, शाळा आणि दवाखाना चालवणे हे त्याचे भाग होते. ओरिगो मेझ्झाद्रियाच्या पद्धतीत थेट मालकाच्या जागी होत्या. 'वॉर इन वाल दॉर्चा' (१९४७) या १९४३-४४ च्या दैनंदिनीत शेतकरी कुटुंबे, आश्रयाला आलेली शहरी मुले, पळून आलेले युद्धकैदी यांचे जीवन केंद्रस्थानी येते. जून १९४४ मध्ये तोफांच्या माऱ्यातून मुलांना आणि इतरांना घेऊन त्या मोंतेपुल्च्यानोपर्यंत पायी गेल्या, तो भाग आजही वाचकाला हलवून सोडतो. मालकाची दृष्टी येथेही आहे. परंतु ज्यांच्या श्रमावर घर उभे आहे ते लोक दृष्टिआड नाहीत. आपल्या स्थानाचे भान हा या लेखनाचा गुण होय.

एरिक न्यूबी यांच्या 'अ स्मॉल प्लेस इन इटली' (१९९४) या पुस्तकाला ऋणाची पार्श्वभूमी आहे. १९४३ मध्ये इटलीने युद्धविराम स्वीकारल्यानंतर फोंतानेल्लातो येथील छावणीतून सुटलेल्या न्यूबींना आपेन्निनो डोंगरांतील गरीब शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन लपवले. ती कथा त्यांनी 'लव्ह अँड वॉर इन द आपेनाइन्स' (१९७१) मध्ये सांगितली. १९६७ मध्ये त्यांनी व त्यांच्या स्लोव्हेनियन पत्नीने उत्तर तस्कनीत 'इ कास्तान्यी' नावाचे शेतकऱ्याचे मोडके घर घेतले. द्राक्षतोडणीच्या हंगामात हे दांपत्य शेजाऱ्यांच्या मळ्यांत स्वतः राबते. प्रत्येक घरी राबण्याची आणि जेवणाची परतफेड होत राहते. येथे शेजारी हे 'नमुने' नसून हिशेबाचे आणि स्नेहाचे सोबती आहेत. गावाचा अस्तकालही न्यूबी टिपतात; म्हातारी माणसे जातात आणि त्यांच्यासोबत कामाच्या रीतीही जातात. मेज यांच्या पुस्तकात घर सुरू होते, न्यूबी यांच्या पुस्तकात गाव संपत आलेले असते. दोन्ही गोष्टी एकाच वास्तवाच्या बाजू आहेत.

अ‍ॅनी हॉज यांच्या 'एक्स्ट्रा व्हर्जिन' (२००१) या पुस्तकातील दोन इंग्रज बहिणी १९८० च्या दशकात लिगुरियात प्रथम येतात त्या गुलाबांची कलमे बांधण्याच्या हंगामी कामासाठी. अल्प किमतीत डोंगरावरील मोडके घर त्या नंतर घेतात. मजूर म्हणून आलेली व्यक्ती मालक होते, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यामुळे ऑलिव्हच्या बागेतील काम तेथे दृश्य न राहता कौशल्य आणि उपजीविका म्हणून दिसते. टिम पार्क्स यांचे 'इटालियन नेबर्स' (१९९२) तर घर विकत घेण्याचेच नाकारते. व्हेरोनाजवळच्या गावात भाड्याच्या सदनिकेत राहणारा, शिकवून आणि भाषांतरे करून पोट भरणारा हा लेखक जुन्या दगडांऐवजी शेजाऱ्यांचे कुलूपबंद फाटक, औषधांचे दुकान आणि नोकरशाही यांविषयी लिहितो. त्याची इटली कमी सुंदर आहे. परंतु तिच्यात इटालियन माणसे आजच्या काळात राहतात.

या चार संहितांवरून असे म्हणता येते की, परक्याने घर घेणे हा दोष नाही आणि सौंदर्याचा अनुभव घेणे हाही नाही. आपण ज्या घरात शिरलो त्याचा नजीकचा इतिहास आणि त्यात गुंतलेले श्रम यांना कथनात जागा देणे शक्य असते. मेज यांनी ती पुरेशी दिली नाही, हा त्यांच्या लेखनाचा निवाडा आहे, लेखनप्रकाराचा नव्हे.

एका युरोचे घर

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. लोकसंख्या घटत चाललेल्या इटालियन गावांनी ओस घरे नाममात्र एका युरोला देऊ केली, तेव्हा या लेखनातील स्वप्न धोरणाच्या पातळीवर उतरले. १९६८ च्या बेलीचे भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सिसिलीतील सालेमी या गावाने २००८ मध्ये अशी कल्पना पुढे आणली. २०१९ मध्ये सिसिलीतीलच सांबुका या गावाची योजना जगभर गाजली. घर घेणाऱ्याने तीन वर्षांत दुरुस्ती पूर्ण करावी आणि त्यासाठी पाच हजार युरोंची अनामत ठेवावी, अशी तिची अट होती. घराची किंमत एक युरो असली तरी छप्पर, नळ, वीज आणि गवंडीकाम यांचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी असतो.

अशा योजनांमुळे काही गल्ल्यांत दिवे लागले, स्थानिक गवंड्यांना काम मिळाले, हे नाकारता येत नाही. कोर्तोनालाही पुस्तकाच्या आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीने पर्यटक मिळवून दिले. परंतु उन्हाळ्यात उघडणारे आणि हिवाळ्यात मिटणारे घर गावाच्या शाळेला विद्यार्थी देत नाही. माणसे का गेली याचे उत्तर न शोधता घरे भरण्याचा हा प्रयत्न आहे. संहितेने जो प्रश्न टाळला तोच येथे धोरणानेही टाळला आहे, असे दिसते.

समारोप

'अंडर द टस्कन सन' हे पुस्तक आनंद देते, आणि तो आनंद खोटा नाही. एका स्त्रीने स्वतःसाठी उभारलेल्या आयुष्याची, हातांनी केलेल्या कामाच्या समाधानाची आणि अन्नाच्या साध्या पावित्र्याची ती कथा आहे. परंतु तिच्यातील ऊन सर्वत्र सारखे पडत नाही. एट्रुस्कन दगड उजळतो. पोलिश मजूर आणि निघून गेलेले कूळ सावलीत राहतात.

भारतातील इंग्रजी विभागांतून प्रवासलेखनाचे अध्यापन करताना विद्यार्थी बहुधा लेखकाच्या जागी उभे राहून वाचतात. ऊन, टेकड्या आणि टोमॅटो यांत ते रमतात. तसे रमू नये असे सांगण्याचे कारण नाही. मात्र त्याच वाचनात एक साधा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवता येईल : या घरात आधी कोण राहत होते, आणि ते का गेले? ज्या समाजात गावाकडची कुलूपबंद घरे आणि शहराकडे गेलेली कुटुंबे ही प्रत्येकाच्या नात्यागोत्यातील गोष्ट आहे, तेथील विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. त्याचे उत्तर शोधताना पुस्तकाची गोडी कमी होत नाही. भिंतीवरील सफेदीचा आणखी एक थर तेवढा पुसला जातो.